पृथ्वीच्या हवेशेजारी कोणाला बसवावे : टायटनला की शुक्राला?

पृथ्वीच्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे, हे नववीच्या मुलालाही पाठ असते. तो तेवढा का आहे आणि जीवसृष्टीला त्याचा नेमका उपयोग काय, हे सांगायला उभे राहिले की मात्र शेजारी दुसरी एखादी हवा मांडल्याशिवाय भागत नाही, कारण एकट्या पृथ्वीकडे पाहत राहिले तर जे आहे ते तसेच असणार, असे वाटू लागते. विज्ञान दिनाला व्याख्यान देणारे, शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून तक्ते करून घेणारे, आकाशदर्शनाच्या शिबिरात ढग आले म्हणून मधले दोन तास भरून काढणारे, अशा सर्वांपुढे ही निवड येते. गेल्या वर्षभरात तीन शिक्षकमित्रांनी मला याबद्दल विचारले, तेव्हा प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या शाळांमधून बोलत असतो. ही निवड मी दोनदा केली आहे. पहिल्यांदा आकर्षण वाटले म्हणून आणि दुसऱ्यांदा वैतागून.

उमेदवार तसे तीनच आहेत. प्लूटो आणि नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन यांच्याकडेही नायट्रोजनचीच हवा आहे, पण तिचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक लाखांशाच्या आसपास, आणि तिथला बहुतेक नायट्रोजन बर्फ होऊन जमिनीवरच पसरलेला. न्यू होरायझन्स यानाने २०१५ मध्ये पाठवलेले प्लूटोवरच्या नायट्रोजनच्या हिमपठाराचे छायाचित्र जरूर दाखवावे, मात्र त्यावर तास निघत नाही. गुरू आणि शनी यांचा विचार करू नये. हायड्रोजन आणि हीलियमच्या त्या गोळ्यांत नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो आणि पाय टेकायला जमीनच नसल्याने ऐकणाऱ्याचे मन तिथे रमत नाही. उरतात मंगळ, शुक्र आणि शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन.

मंगळाचे थोडक्यात आटोपतो, कारण त्याच्याबद्दल माझा आक्षेप साधा आहे. तो लोकप्रिय आहे आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान त्याच्या कक्षेत पोहोचल्यापासून मुलांना तो काहीसा घरचाही वाटतो. त्या यानावरच्या मेन्का या उपकरणाने मंगळाच्या सर्वांत वरच्या विरळ थरातले कण त्यांच्या वस्तुमानानुसार मोजले, तेव्हा २८ या आकड्याखाली नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघेही एकत्रच हजेरी लावत होते, कारण दोघांचेही रेणुवस्तुमान २८ भरते. अकरावीत मोलचे गणित शिकवताना हे उदाहरण मी अनेकदा वापरले. मंगळाच्या उरलेल्या नायट्रोजनमध्ये जड समस्थानिकाचे प्रमाण पृथ्वीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक आहे, म्हणजे हलका नायट्रोजन आधी निसटून अवकाशात गेला, ही कथाही चांगली आहे. नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या गाडीला मंगळावरच्या गेल विवरातल्या जुन्या गाळात नायट्रेट सापडल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही सांगण्यासारखे आहे. पण मंगळ म्हटले की सभागृहाला पाणी, वसाहत आणि अग्निबाण एवढेच ऐकायचे असते. शिवाय त्याची हवा इतकी थोडी आहे की तिच्यात नायट्रोजन किती, हा प्रश्न रिकाम्या डब्यातल्या साखरेच्या हिशेबासारखा होतो. हा डबा किती रिकामा आहे, ते पुढे दाण्यांवरून कळेलच.

खरी चुरस टायटन आणि शुक्र यांच्यात आहे, आणि कागदावर पाहिले तर टायटन ती सहज जिंकतो.

टायटनची हवा जवळपास ९५ टक्के नायट्रोजनची आहे, जमिनीवरचा दाब आपल्या दीडपट आहे, तिच्यात ढग आहेत, पाऊस आहे, नद्यांची पात्रे आणि सरोवरे आहेत. फक्त हे सारे पाण्याऐवजी मिथेन आणि इथेनचे. सूर्यमालेत पृथ्वीखेरीज दाट आणि मुख्यतः नायट्रोजनची हवा असलेली ही एकच जागा आहे. १९४४ मध्ये जेरार्ड कायपर यांना तिथे मिथेन आढळला आणि पुढची साडेतीन दशके ती हवा बहुधा मिथेनचीच असावी असा अनेकांचा समज राहिला. नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ जवळून गेले तेव्हा मिथेन चिमूटभर आणि नायट्रोजन पोतेभर असल्याचे उघड झाले. नायट्रोजनचा हा स्वभावच आहे. तो दृश्य प्रकाशात आपली खूण पटवत नाही, कोणाशी चटकन संयोग पावत नाही, आणि खोलीत सर्वांत जास्त जागा अडवूनही शेवटपर्यंत लक्षात येत नाही. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स कुपी अडीच तास हवेतून उतरत तिथल्या जमिनीवर टेकली आणि तिने गोल दगडगोट्यांचे चित्र पाठवले. ते दगडगोटे मुळात पाण्याच्या बर्फाचे आहेत, असे सांगितल्यावर मुलांचे डोळे जसे मोठे होतात तसे दुसऱ्या कुठल्याही चित्राला होत नाहीत. रसायनशास्त्राच्या माणसाला तर टायटन म्हणजे पर्वणीच. तिथे उंचावर सूर्याचे अतिनील किरण आणि शनीच्या चुंबकीय क्षेत्रातले वेगवान कण नायट्रोजन आणि मिथेन यांचे रेणू फोडतात, त्या तुकड्यांतून हायड्रोजन सायनाइड आणि पुढे मोठमोठे सेंद्रिय रेणू बनतात, आणि त्यांचेच नारिंगी धुके साऱ्या चंद्राला वेढून राहते. हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू जोडले की ॲडेनिनचे सूत्र मिळते, आणि ॲडेनिन तर आपल्या डीएनएतच बसलेले आहे.

म्हणून पहिली सहा-सात वर्षे मी टायटनच मांडत होतो. डाव्या हाताला पृथ्वीचे वर्तुळ, उजव्या हाताला टायटनचे, दोन्हींत नायट्रोजनचा निळा भाग मोठा. बोलणे रंगायचे, टाळ्याही मिळायच्या. मग प्रश्नोत्तरे सुरू व्हायची आणि पहिलाच प्रश्न यायचा : "सर, तिथे ऑक्सिजन नाही म्हणूनच जीव नाहीत ना?"

ही ती कटकट, जिने माझा निर्णय केला. एखाद्या वेळी कोणी असे विचारले असते तर मी सोडून दिले असते, पण माझ्या अनुभवात दहातल्या आठ ठिकाणी हाच प्रश्न, याच शब्दांत आणि याच खात्रीने आला. हळूहळू लक्षात आले की दोष मुलांचा नव्हता, मांडणीचा होता. पृथ्वी आणि टायटन यांची वर्तुळे शेजारी ठेवली की नायट्रोजन दोन्हींकडे सारखाच दिसतो, म्हणून नजर त्याला ओलांडून पुढे जाते, आणि पृथ्वीकडे असलेला आणि टायटनकडे नसलेला ऑक्सिजनचा लाल तुकडा तेवढा डोळ्यांत भरतो. ज्या वायूबद्दल बोलायला मी गेलो होतो, तोच माझ्या मांडणीने अदृश्य करून टाकला होता.

त्यात आपली भाषाही ऑक्सिजनच्या बाजूची. त्याला आपण प्राणवायू म्हणतो, म्हणजे निकाल नावातच लागला. आणि नायट्रोजन आपल्याकडे नत्र होऊन स्फुरद आणि पालाश यांच्या जोडीने खताच्या पोत्यावर जाऊन बसतो. यात आपणच एकटे नाही. १७७२ मध्ये डॅनियल रदरफोर्ड यांनी हा वायू वेगळा काढला तेव्हा त्यात उंदीर जगत नाही हेच त्याचे लक्षण ठरले, आणि पुढे लाव्हाझिए यांनी त्याला अझोट, म्हणजे निर्जीव, असे नाव दिले. ज्याच्यावाचून प्रथिनाचा एक रेणूही बनत नाही त्याच्या वाट्याला हे नाव यावे, याला काय म्हणावे! एका शाळेत तर मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे तोवर व्यासपीठावरच्या पाहुण्यांनीच "अगदी बरोबर, प्राणवायूशिवाय जीवन नाही" असे सांगून टाकले, आणि आभारप्रदर्शनात सरांच्या व्याख्यानाचे सार म्हणून तेच वाक्य पुन्हा वाचले गेले. मी नारळ आणि शाल घेऊन घरी आलो.

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पृथ्वीवर जीव निदान साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीपासून आहेत, आणि हवेत ऑक्सिजन लक्षात येण्याइतका साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, तोही सायनोबॅक्टेरियांच्या प्रकाशसंश्लेषणातून. मधली शंभर कोटी वर्षे जीवसृष्टीने मोकळ्या ऑक्सिजनवाचून काढली. तेव्हा ऑक्सिजनला जीवसृष्टीचे कारण म्हणण्यापेक्षा तिची करणी म्हणणे अधिक योग्य. नायट्रोजनची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात, तो बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोजूल ऊर्जा लागते, आणि तो तुटल्याशिवाय हवेतला नायट्रोजन अमिनो आम्लात किंवा डीएनएत शिरू शकत नाही. विजेच्या कडकडाटात थोडा तुटतो. बाकीचे काम नायट्रोजनेज हे विकर असलेल्या जीवाणूंनी करायचे, आणि एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, सोळा रेणू खर्ची घालून करायचे. यातली मौज अशी की हे विकर ऑक्सिजनचा स्पर्श झाला की निकामी होते. आमच्याकडे ऑगस्टमध्ये सोयाबीनचे एखादे झाड मुळासकट उपटावे, मुळावरची गाठ नखाने फोडावी, आत मांसासारखा गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा भाऊबंद तिथे ऑक्सिजनला धरून ठेवतो, नायट्रोजनेजच्या आसपास त्याला मोकळे फिरू देत नाही आणि जीवाणूंच्या श्वसनापुरता मोजून देतो. हिवाळ्यात हेच हरभऱ्याच्या मुळावर दाखवता येते. म्हणजे प्राणवायूला उंबऱ्यावर थोपवून धरल्याशिवाय नत्राचे स्थिरीकरण होत नाही, आणि ते झाल्याशिवाय शेंगेत दाणा भरत नाही.

हे सगळे टायटन मांडूनही सांगता येते, नाही असे नाही. पण ते प्रश्नाचे खंडन म्हणून सांगावे लागते, आणि खंडन करणारा वक्ता, मग तो कितीही सौम्य असो, सभागृहाला आवडत नाही. तिथे जीव दिसत नाहीत याचे पहिले कारण उणे १७९ अंशांची थंडी आहे, त्या थंडीत पाणी दगडाइतके कठीण होते, हेही मी सांगत असे. "म्हणजे थंडी आणि ऑक्सिजन नाही म्हणून" असे लिहून घेतले जात असे.

शुक्राकडे मी वळलो तो असा पराभूत होऊन. शुक्राचे आकडे पहिल्या दर्शनी निराश करतात : कार्बन डायऑक्साइड ९६.५ टक्के, नायट्रोजन ३.५ टक्के. मंगळाचेही ९५ आणि २.७ असेच आहेत. एका प्रदर्शनात मी परीक्षक होतो. दोन मुलींनी थर्मोकोलवर या दोन ग्रहांच्या हवेची वर्तुळे रंगवली होती, आणि ती इतकी जुळी दिसत होती की मी सहज विचारले, मग या दोघांत फरक काय? एक मुलगी थोडा विचार करून म्हणाली, "सर, एकावर ढग काढायचे राहिले." खरे तर शुक्राच्या जमिनीवर पृथ्वीच्या ९२ पट दाब आहे आणि मंगळावर पृथ्वीच्या शंभराव्या भागाहूनही कमी, दोन वर्तुळांमागे दाबाचा फरक पंधरा हजार पटींचा आहे. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण टक्केवारीचे वर्तुळ ही माहिती गिळूनच टाकते. त्या दिवशी घरी येऊन मी वर्तुळे कायमची टाकून दिली आणि दाणे मोजायला बसलो.

हिशेब ढोबळ आहे पण प्रामाणिक आहे. पृथ्वीच्या संपूर्ण वातावरणातले रेणू शंभर दाण्यांनी दाखवायचे ठरवले, तर त्यात ७८ दाणे नायट्रोजनचे येतात. त्याच मापाने शुक्राचे सुमारे ६,२०० दाणे होतात. (९२ पट दाब असून ९,२०० का नाही, असे कोणी विचारेल, कार्बन डायऑक्साइडचा रेणू दीडपट जड आहे, म्हणून.) या ६,२०० मध्ये ३.५ टक्के म्हणजे सुमारे २१७ दाणे नायट्रोजनचे. थोडक्यात, साडेतीन टक्केवाल्या शुक्राकडे अठ्ठ्याहत्तर टक्केवाल्या पृथ्वीच्या जवळपास तिप्पट नायट्रोजन हवेत आहे. मंगळाची गंमत तर अशी की त्याची सगळी हवा मिळून या मापाने एका दाण्याचा तिसरा हिस्सा भरते. त्यातला नायट्रोजन दाखवायचा तर पिठाचा कण घ्यावा लागेल. टायटनचे दाणे शंभराहून नक्कीच जास्त होतात, पण त्याच्यासाठी मी ते कधी मांडले नाहीत.

पहिल्यांदा मी कार्बन डायऑक्साइडसाठी ज्वारी आणि नायट्रोजनसाठी मूग घेतले. ज्वारीचे शंभर दाणे मोजून तीन ग्रॅम भरले, मग सहा हजार मोजत न बसता किराणा दुकानातल्या काट्यावर १८० ग्रॅम तोलून घेतली. वर्गात दोन ताटे ठेवली. पृथ्वीच्या ताटात चिमूटभर दाणे, बहुतेक हिरवे. शुक्राच्या ताटात ज्वारीची रास, मूग कुठे दिसेनात. मुलांना विचारले, नायट्रोजन कुठे जास्त? सगळ्यांनी पृथ्वीकडे बोट दाखवले. मग चार मुलींना शुक्राच्या ताटातले मूग निवडायला बसवले आणि त्यातच तास संपला, कारण दोनशे मूग सहा हजार ज्वारीतून निवडणे म्हणजे काय ते घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे, मला नव्हते. तेव्हापासून मुगाऐवजी सुके हिरवे वाटाणे आणि मोठ्या भोकांची चाळणी नेतो. चाळणी हलवली की ज्वारी खाली पडते आणि वर वाटाणे उरतात, पृथ्वीच्या वाटाण्यांच्या तिप्पट. एकही वाटाणा वाढवलेला नसतो, तरी चाळणीतला वाटा साडेतीन टक्क्यांवरून शंभरावर गेलेला असतो.

इथे वर्ग शांत होतो. पुढचा प्रश्न मुलेच विचारतात, आणि तो ऑक्सिजनचा नसतो : मग पृथ्वीची ज्वारी कोणी चाळली?

याचे उत्तर मी खिशातून काढतो. आमच्या जिल्ह्यात राजुरा, गडचांदूर या बाजूला चुनखडीचे थर आहेत आणि त्यांच्यावर सिमेंटचे कारखाने चालतात. त्या भागातला एक तुकडा माझ्याजवळ असतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फसफसून बुडबुडे येतात. तोच हा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेतून गेलेला. पृथ्वीवर पाणी द्रवरूपात टिकले, पावसाने कार्बन डायऑक्साइड विरघळवून खाली आणला, खडक झिजले, समुद्रात कॅल्शियम कार्बोनेट साचत गेले, पुढे शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांनी तेच काम आपल्या अंगावर घेतले, आणि एके काळी हवेत असू शकला असता तो कर्बवायू दगड होऊन खाली बसला. भूकवचात अशा रीतीने अडकलेला सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला, तर त्याचे परिमाण शुक्राच्या हवेच्या पंक्तीला बसेल इतके मोठे होते, आणि मग आपल्या नायट्रोजनचा वाटा ७८ वरून दीड-दोन टक्क्यांपर्यंत घसरेल. शुक्रावर हे घडले नाही, कारण तिथले पाणीच गेले. त्याच्या हवेत उरलेल्या हायड्रोजनमध्ये जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे, ही त्या उडून गेलेल्या पाण्याची मागे राहिलेली खूण मानतात. पाणी नाही म्हणून चुनखडी नाही, चुनखडी नाही म्हणून कर्बवायू हवेतच, आणि तो हवेत म्हणून जमिनीवर ४६५ अंश.

मला सांगायचे होते ते नेमके हेच. ७८ हा आकडा नायट्रोजनच्या विपुलतेचा नाही, बाकीचे निघून गेल्याचा आहे. पंगत उठल्यावर जो बसून राहिला त्याचीच गर्दी दिसावी, तसे हे झाले. आणि तो बसून राहिला म्हणून जीवसृष्टीची सोय झाली, कारण हवेच्या दाबाचा मोठा भाग त्याच्यामुळे आहे, आणि वातावरणाच्या उंच थंड थरात पाण्याची वाफ गोठून परत खाली येते, वर निसटत नाही, यातही या निष्क्रिय वाटणाऱ्या गर्दीचा वाटा आहे. तो पुरता बसूनही नसतो. मोकळा ऑक्सिजन आणि पाणी यांच्या सहवासात नायट्रोजनची सर्वांत स्थिर अवस्था म्हणजे समुद्रात विरघळलेले नायट्रेट. तिकडे तो अतिशय हळू का होईना जातच असतो, आणि विनायट्रीकरण करणारे जीवाणू त्याला पुन्हा हवेत आणून सोडतात. म्हणूनच दूरच्या एखाद्या ग्रहाच्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही भरपूर, आणि खाली समुद्रही, असे आढळले तर तिथे कोणीतरी राबते आहे अशी शंका घ्यायला जागा राहील. ऑक्सिजन असा शेवटी येतो, आपल्या जागी येतो, आणि कोणाचे खंडन करावे लागत नाही.

शुक्राच्या बाजूने आणखी एक साधी गोष्ट आहे. तो दाखवता येतो. दिवस मावळल्यावर किंवा पहाटे, ऋतू असेल तसा, शाळेच्या पटांगणातून नुसत्या बोटाने. टायटनही तीन इंची दुर्बिणीतून शनीशेजारी ठिपक्यासारखा दिसतो, पण तो ठिपका टायटनच आहे यावर पाहणाऱ्याने विश्वास ठेवावा लागतो.

शुक्राच्या अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर हा आढावा म्हणजे जाहिरात होईल. सल्फ्युरिक आम्लाचे ढग हा विषय निघाला की पाच मिनिटे जातातच. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा-७ हे सोव्हिएत यान तिथे उतरून तेवीस मिनिटे संदेश पाठवत राहिले, ही गोष्ट इतकी नाट्यमय आहे की वक्त्यालाच मोह आवरत नाही. २०२० मध्ये ढगांत फॉस्फीन, म्हणजे जीवांची खूण असू शकणारा एक वायू, सापडल्याचा दावा झाला आणि त्यावर वाद उठला. वर्तमानपत्र वाचणारे पालक अजूनही त्याबद्दल विचारतात, तेव्हा तो वाद मिटलेला नाही एवढेच सांगून पुढे जावे. शिवाय दाण्यांच्या प्रयोगात तापमान कुठेच दिसत नाही, ते तोंडाने सांगावे लागते. आणि सेंद्रिय रसायनाच्या अंगाने जायचे असेल, नायट्रोजन आणि कार्बन एकमेकांना कसे भेटतात हे बारावीच्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल, तर शुक्र तोकडा पडतो; तिथे मी आजही टायटनच घेईन. नासाचे ड्रॅगनफ्लाय हे उडते यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर उतरावे अशी योजना आहे. ते उतरल्यावर कदाचित मला हा लेख बदलावाही लागेल. ज्यांच्याजवळ चांगला प्रोजेक्टर आहे, श्रोते निवडक आहेत आणि ऑक्सिजनच्या त्या प्रश्नाचा ज्यांना माझ्याइतका त्रास होत नाही, त्यांनी टायटन घेतला तर चूक केली असे मी म्हणणार नाही.

पण पन्नास-साठ मुले, एक फळा, वीज कधीही जाणारी आणि हातात पाऊण तास, अशी नेहमीची परिस्थिती असेल, तर माझ्या मते दोन ताटे, एक चाळणी आणि चुनखडीचा तुकडा घेऊन जावे. सामान सगळे मिळून दोनशे रुपयांत होते. आम्लाची बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून न्यावी; माझी एकदा पिशवीत कलंडली होती आणि शाल फुकट गेली. ज्वारीला पावसाळ्यात टोके पडतात, वाटाणे पोखरतात, म्हणून ते दर वर्षी नवे घ्यावे लागतात. चुनखडीचा तुकडा मात्र गेली नऊ वर्षे तोच आहे, आम्लाच्या थेंबांनी एका अंगाला खड्डा पडलेला.